चुलीवरचा सात थरांचा बेबिंका
भगिनींनो, भट्टी नाही म्हणून गोव्याचा बेबिंका करायचा राहिला असेल, तर चूल आहे ना! गोव्यातील ख्रिस्ती घरांतून नाताळाला होणाऱ्या या थरांच्या गोडाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

८ अंड्यांचे पिवळे बलक (पांढऱ्याची भुर्जी मुले संपवतील), २ वाट्या नारळाचे घट्ट दूध, १ वाटी साखर, १ वाटी मैदा व किंचित जायफळ गुठळी न ठेवता कालवा. जाड बुडाच्या लहान पातेल्यात चमचाभर तूप तापवून मिश्रणाचा सातवा हिस्सा ओता. पहिल्या थराला तेवढा खालून मंद विस्तव. पुढे सारी आच वरून, झाकणावरच्या निखाऱ्यांची. गॅस असला तरी निखारे हवेतच. थर तांबूस झाला की पुन्हा तूप, पुन्हा मिश्रण.

इथेच घाई नडते. कच्च्या थरावर दुसरा ओतला की दोन्ही एक होतात. मग थर कसले नि बेबिंका कसला! कामे आटोपून निवांत बसायचे हे काम आहे. पूर्ण निवल्यावर पातेले उपडे करा आणि पातळ काप पाडा. गरम असताना सुरी लावू नका, चिकटतो.