ताबा आणि मालकी : बारा वर्षांच्या वहिवाटीचा खरा अर्थ

बारा वर्षे वहिवाट केली की जमीन आपली होते, ही समजूत आपल्या समाजात फार खोलवर रुजलेली आहे. गावाच्या चावडीपासून शहरातील चाळीपर्यंत ती ऐकू येते. या समजुतीत अर्धे सत्य आहे. उरलेल्या अर्ध्या भागावर विसंबून कित्येक कुटुंबांनी वर्षानुवर्षे दावे लढविले आणि अखेरीस पैसा व जागा दोन्ही गमावली. म्हणून कायदा नेमके काय सांगतो, हे शांतपणे पाहणे अगत्याचे आहे.

हा विषय प्रामुख्याने १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात येतो. न्यायालयात दाद केव्हापर्यंत मागता येते, हे तो कायदा ठरवितो. आपल्या खाजगी जमिनीवर दुसऱ्याने हक्क सांगून ठाण मांडले, तर त्याचा ताबा आपल्याविरुद्ध जाऊ लागल्या दिवसापासून बारा वर्षांच्या आत मालकाने दावा लावला पाहिजे. जमीन सरकारची असेल, तर ही मुदत तीस वर्षांची आहे. मुदत उलटली म्हणजे एरवी केवळ दावा करण्याचा मार्ग बंद होतो. ऋणकोचे ऋण तत्त्वतः शिल्लक राहते. पण जमिनीच्या बाबतीत या कायद्याचे २७ वे कलम एक पाऊल पुढे जाते. मुदत संपताच मालकाचा मालकी हक्कच लोप पावतो. ताबेदाराला मालकी मिळते ती या वाटेने. अशा ताब्याला कायद्याच्या परिभाषेत प्रतिकूल कब्जा असे म्हणतात.

यामागील विचार असा की, कालांतराने साक्षीदार मरतात, कागद जीर्ण होतात आणि आठवणी पुसट होतात. पन्नास वर्षांपूर्वीचे वाद उकरून काढण्याची मुभा दिली, तर कोणाचीच मालकी निर्धास्त राहणार नाही. शिवाय आपल्या हक्काविषयी दीर्घकाळ उदासीन राहिलेल्या माणसाने अनंतकाळ न्यायालयाची वाट मोकळी असावी अशी अपेक्षा करू नये, असेही कायदा मानतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. म्हैसूर शहराची आखीव वाढ जुनी आहे. तेथे १९०३ मध्येच नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले होते. अशा शहरातील एका वसाहतीत एका गृहस्थाचा रिकामा भूखंड आहे आणि तो स्वतः नोकरीनिमित्त दूरच्या प्रांतात आहे, असे समजा. त्या भूखंडाच्या निमित्ताने चार माणसे आपल्यापुढे येतात. पहिला राखणदार, मालकाने त्याला कोपऱ्यात खोपट बांधून राहू दिले आहे. दुसरा भाडेकरू, त्याने अलीकडे भाडे देणे थांबविले आहे. तिसरा मालकाचा सख्खा भाऊ. भूखंड वडिलोपार्जित असून त्याची वाटणी झालेली नाही. चौथा शेजारी, त्याने कोणालाही न विचारता कुंपण सरकविले, विहीर खणली आणि नारळ लावले.

वीस वर्षांनी हे चौघेही म्हणतील की, आमची वहिवाट आहे. पण राखणदाराचा ताबा हा मालकाचाच ताबा होय. तो परवानगीने आला आणि ती परवानगी उघडपणे झुगारल्याखेरीज त्याच्या वर्षांची मोजणी सुरूच होत नाही. भाडेकरूने भाडे थकविल्याने तो मालक होत नाही, तर केवळ थकबाकीदार होतो. सहहिस्सेदार भावाचा ताबा कायद्याच्या दृष्टीने सर्व हिस्सेदारांच्या वतीने असतो. इतरांचा हक्क त्याने स्पष्टपणे नाकारला आणि ते त्यांना कळले, हे त्याला सिद्ध करावे लागते. उरतो शेजारी. त्याचा ताबा प्रथमपासूनच मालकाच्या हक्काला आव्हान देणारा आहे. चौघांची वर्षे सारखी, परंतु ताब्याचे नाते निराळे. आणि कायदा वर्षांपूर्वी हे नाते तपासतो.

ते सिद्ध कसे करावयाचे? विजापूर येथील एका मिळकतीसंबंधी कर्नाटक वक्फ मंडळ आणि केंद्र सरकार यांच्यात जो वाद झाला, त्याच्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची कसोटी मांडली आहे. ताबा कोणत्या तारखेस आला? तो कोणत्या स्वरूपाचा होता? प्रतिपक्षाला तो ठाऊक होता काय? तो किती काळ टिकला? आणि तो उघड व निर्वेध होता काय? या पाच प्रश्नांची उत्तरे ताबेदाराने द्यावयाची असतात. सिद्धतेचे ओझे त्याच्यावर असते. पहिल्याच प्रश्नापाशी अनेक दावे कोसळतात. 'पूर्वापार' किंवा 'वाडवडिलांपासून' हे शब्द भारदस्त खरे, पण त्यांत तारीख नसते. आणि आरंभच ठाऊक नसेल, तर बारा वर्षे मोजावयाची कोठून?

पुराव्यासाठी घरपट्टीच्या वा शेतसाऱ्याच्या पावत्या, वीजजोडणीचे कागद, बांधकामाची परवानगी आणि शेजाऱ्यांच्या साक्षी उपयोगी पडतात. महाराष्ट्रातील सातबारा उतारा आणि कर्नाटकातील पहाणीपत्रक यांतील नोंदींनाही महत्त्व आहे. मात्र या नोंदी महसुलासाठी ठेवलेल्या असतात. त्या ताब्याची साक्ष देतात. मालकी निर्माण करीत नाहीत.

याच निकालातील आणखी एक मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 'जमीन मुळात माझीच आहे, आणि नसली तरी प्रतिकूल कब्जाने माझी झाली आहे,' असे दुहेरी म्हणणे अनेकदा मांडले जाते. पण जो स्वतःलाच मालक समजतो, तो कोणाविरुद्ध ताबा ठेवणार? प्रतिकूल कब्जा सांगणाऱ्याने खरा मालक दुसरा आहे हे प्रथम मान्य करावे लागते. ही कबुली अनेकांना जड जाते. परंतु तिच्यावाचून दावा उभा राहत नाही.

दीर्घ ताब्याने नेमके किती मिळते, हे मुंबईच्या एका प्रसिद्ध खटल्यावरून समजते. १८६५ मध्ये रस्त्याच्या योजनेसाठी तत्कालीन सरकारने नगरपालिकेला जुन्या बाजाराची जागा सोडण्यास सांगितले आणि ठराव करून नवी जागा देऊ केली. बाजार लोकोपयोगी असल्यामुळे भाडे आकारू नये, असेही ठरले. नगरपालिकेने जुनी जागा सोडली आणि नव्या जागेवर बाजार उभारला. तोच क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. बाजार उभारणे व राखणे यांवर सुमारे सतरा लाख रुपये खर्च झाले. परंतु जमीन देण्याचे विधिवत् दस्तऐवज कधी झालेच नाहीत. १९४० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी त्या जागेवर सारा बसविला. साडेसात हजारांपासून आरंभ करून पन्नास वर्षांत तो तीस हजारांवर जावयाचा होता.

सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बहुमताने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला. ठरावाने मालकी आली नव्हती, हे खरे. पण सत्तर वर्षांहून अधिक काळ महापालिकेने ती जागा उघडपणे, अखंडपणे आणि हक्काने वापरली होती. त्यामुळे बिनभाड्याने ती कायम धारण करण्याचा हक्क तिला प्राप्त झाला, मात्र केवळ बाजारासाठी! जेवढा हक्क सांगून ताबा ठेवला, तेवढाच हक्क पदरात पडला.

हा कायदा न्याय्य आहे काय, याविषयी मतभेद आहेत. बेसावध मालकाला शिक्षा आणि अप्रामाणिक घुसखोराला बक्षीस असा त्याचा परिणाम होतो, अशी टीका २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच केली आणि फेरविचार सुचविला. २०१९ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने ठरविले की, मुदत पूर्ण केलेला ताबेदार केवळ बचाव म्हणून नव्हे, तर वादी म्हणूनही आपला हक्क मांडू शकतो. पुढे २०२३ मध्ये विधी आयोगाने कायदा बदलण्याचे कारण नाही, असा अहवाल दिला. एक मर्यादा मात्र २०२० मध्ये स्पष्ट झाली. हिमाचल प्रदेशात रस्त्यासाठी १९६७-६८ मध्ये भरपाईविना घेतलेल्या जमिनीबाबत एका निरक्षर वृद्ध विधवेने दाद मागितली, तेव्हा कल्याणकारी शासनाने आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल कब्जा सांगणे न्यायालयाने अमान्य केले.

सारांश, मालकाने जमिनीकडे पाठ फिरवू नये. राखणदाराशी वा भाडेकरूशी लेखी करार करावा, कर आपल्या नावाने भरावा, अतिक्रमण दिसताच मोजणी करून घ्यावी आणि मुदतीच्या आत दावा लावावा. केवळ नोटीस पाठविल्याने मुदत थांबत नाही. ताबेदारानेही वर्षांची बेरीज करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी येथे कोणत्या नात्याने आलो? त्याचे प्रामाणिक उत्तर जर 'कोणीतरी राहू दिले म्हणून' असे असेल, तर बारा वर्षेच काय, बारा तपेदेखील त्याला मालक करणार नाहीत.