मिऱ्यांची चक्की : आधीं पोकळी, मग आकार

हल्लीं पुष्कळ घरांतून जेवणाच्या टेबलावर एक लांकडी वस्तु दिसते. बुद्धिबळांतील वजिराची आठवण व्हावी असा तिचा घाट असतो. वर वाटोळें डोकें, खालीं निमुळती मान, त्याखालीं रुंद बैठक. डोकें हातानें फिरविलें कीं बुडांतून मिऱ्यांची ताजी भरड पडते. ही चक्की लांकडांतून कांतून कशी काढतात, हें आजच्या भाषणांत सांगण्याचा माझा विचार आहे. विषय लहान आहे खरा. परंतु जें डोळ्यांस दिसत नाहीं त्यावरच वस्तूचें सारें काम कसें अवलंबून असतें, हें इतक्या थोडक्यांत दाखविणारें दुसरें उदाहरण मला चटकन् सुचत नाहीं.

कोणी विचारील, घरांत खलबत्ता असतां ही चक्की हवी कशाला? याचें उत्तर मिऱ्याच्या दाण्यांतच आहे. मिऱ्याचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळें येतो त्यास पायपेरीन म्हणतात. विजेच्या प्रवाहानें होकायंत्राची सुई हलते हें ज्यांनीं दाखविलें, त्याच डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनीं १८१९ सालीं हें द्रव्य वेगळें काढलें. तें सहसा उडून जात नाहीं. सुगंध मात्र उडून जाणाऱ्या तेलांत असतो. दाणा अखंड आहे तोंवर तें तेल आंत कोंडलेलें राहतें. दाणा फुटला कीं तें वाऱ्यावर जाऊं लागतें. म्हणून कित्येक महिने डबींत पडून राहिलेली मिरपूड जिभेला झोंबते, पण नाकाला कांहीं सांगत नाहीं. पानावर बसल्यावर चिमूटभर मिरीं दळून घेण्याची सोय व्हावी, एवढ्याचसाठीं ही चक्की आहे.

मिठाची गोष्ट निराळी. मिठांत उडून जाणारें कांहींच नाहीं. तें आज दळलें काय किंवा वर्षापूर्वीं दळलें काय, चव तीच. मिठाच्या चक्कीचा उपयोग कणाची जाडी मनाजोगती ठेवण्यापुरता. शिवाय आपलें समुद्राचें खडेमीठ हवेंतील ओल ओढून घेतें आणि चक्कीचे दांते चिकटून बसतात. त्यापेक्षां कोरडें सैंधव बरें. मीठ लोखंडास खातें, म्हणून मिठाच्या चक्कींत चिनी मातीसारख्या पक्क्या भाजलेल्या द्रव्याचे दांते बसवितात. पोलादी दांत्यांच्या मिऱ्यांच्या चक्कींत मीठ कधींही भरूं नये.

आतां आंतील यंत्राकडे वळूं. मोटारगाड्यांसाठीं जगभर ठाऊक असलेलें फ्रान्समधील प्यूजो हें नांव त्यापूर्वींच स्वयंपाकघरांत पोंचलें होतें. प्यूजो घराण्याच्या कारखान्यानें १८४० सालीं कॉफी दळण्याची चक्की काढली, आणि १८७४ सालीं मिऱ्यांची. रचना समजण्यास आपलें जातें डोळ्यांपुढें आणावें. जात्यांत खालची तळी स्थिर आणि वरची फिरती. येथें बुडाशीं एक दांतेरी कडें स्थिर असतें आणि त्याच्या पोटांत दांतेरी शंकु फिरतो. वरचे मोठे दांते दाणा पकडून फोडतात, खालचे बारीक दांते त्याची भरड करतात. शंकूपासून एक चौकोनी सळई सरळ वर डोक्यापर्यंत जाते. डोक्याच्या तळाशीं चौकोनी छिद्राची पत्री असते, त्यामुळें डोकें फिरलें कीं सळई फिरते व शंकु फिरतो. सर्वांत वर एक लहान चाकी असते. ती आंवळली कीं शंकु वर ओढला जाऊन कड्याच्या जवळ येतो व भरड बारीक होते; ती सैल केली कीं जाड.

लांकडाचें काम काय, तर या सर्वांस एका सरळ रेषेंत धरून ठेवणें. कड्याचा मध्य, सळईचा मध्य आणि डोक्याचा मध्य हे तिन्ही एका अक्षावर असले पाहिजेत. अक्ष जरा जरी कलला तरी शंकु एका बाजूस घांसतो, दुसऱ्या बाजूस मोकळा राहतो. मग अखंड मिरें आणि पीठ हीं दोन्ही एकाच वेळीं बाहेर येतात.

लांकूड कांतण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. पाळण्याचे दांडे, लाटणीं, चौरंगाचे पाय, पोरांचे भोवरे हें सगळें कांताऱ्याच्या हातचें. त्याच्या जुन्या यंत्रांत लांकडाभोंवतीं दोरीचा वेढा देऊन तें पुढें-मागें फिरवीत; त्यामुळें हत्यार एका दिशेस कापी व दुसऱ्या दिशेस थांबे. विजेवर चालणाऱ्या लेथवर लांकूड एकाच दिशेनें अखंड फिरतें. तत्त्व मात्र एकच : लांकूड फिरावें आणि हत्यार स्थिर राहावें.

लांकूड घट्ट, बारीक पोताचें आणि निर्गंध घ्यावें. युरोपांत बीचचें लांकूड फार वापरतात. आपल्याकडे शिसव चांगलें. सागवान आकार सोडीत नाहीं, पण त्यांतील वाळूसारख्या कणांनीं हत्याराची धार लौकर जाते. देवदारासारखें वासाचें लांकूड अन्नाच्या वस्तूस घेऊं नये. लांकूड पुरतें वाळलेलें असावें. ओलें लांकूड वाळतांना सर्व बाजूंनीं सारखें आटत नाहीं. वर्षवलयांच्या कडेनें तें जितकें आटतें, त्याच्या साधारण निम्मेंच तें गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेंत आटतें. म्हणून आज गोल पाडलेलें भोंक उद्यां लंबगोल होतें. यासाठीं शहाणा कारागीर भोंक प्रथम थोडें लहान पाडून ठेवतो, कांहीं आठवडे लांकूड तसेंच राहूं देतो आणि मग त्यास अखेरचें माप देतो.

यंत्र हातीं आल्यावांचून लांकडास हत्यार लावूं नये, कारण सर्व मापें सळईच्या लांबीवर व कड्याच्या रुंदीवर ठरतात. साधारण चक्कीस सुमारें ७० मिलिमीटर जाडीचा तुकडा पुरतो. तो ओबडधोबड गोल करून डोकें आणि धड वेगळीं कापावीं. दोन्ही एकाच तुकड्याचीं असल्यानें पुढें जोडल्यावर लांकडाच्या रेषा अखंड दिसतात.

यानंतर भोंकें. धडाच्या बुडाशीं कडें बसण्यास सुमारें ४१ मिलिमीटर रुंदीची उथळ खांच, आणि दाणे भरण्यास सुमारें २७ मिलिमीटरची आरपार नळी. डोक्यांतून सळई जाण्यास ६-७ मिलिमीटरचें छिद्र. क्रम महत्त्वाचा आहे. रुंद खांच आधीं व अरुंद नळी नंतर, कारण अरुंद भोंक आधीं पाडलें तर मोठ्या गिरमिटाच्या मधल्या टोंकास धरावयास लांकूडच उरत नाहीं आणि तें भरकटतें. गति मंद ठेवावी. गिरमिट वरचेवर बाहेर काढून भुसा झाडावा, नाहींतर आंत उष्णता सांचून लांकूड तडकतें. लांब नळी दोन्ही टोंकांकडून पाडून मध्यें भेटवावी.

बाहेरचा घाट आतांच, यापूर्वीं नव्हे. भोंकांत बेतशीर लांकडी गुडदी बसवून, त्या गुडदीवर धड फिरवून बाहेरची बाजू कांतली, कीं बाहेरचें वर्तुळ आपोआप आंतल्या वर्तुळाशीं समकेंद्र होतें. आधीं सुंदर आकार काढून मग त्यांत भोंक पाडूं गेलें तर काय होतें, याचा हिशेब करूं. मानेची बाहेरची जाडी ४० मिलिमीटर आणि नळी २७. उरले १३, म्हणजे प्रत्येक बाजूस साडेसहा. भोंक दोनच मिलिमीटर कललें तर एका बाजूस साडेआठ, दुसरीस साडेचार. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. पण जरा कोठें वस्तु पडली कीं तडा तेथेंच जातो.

डोक्याच्या तळाशीं आंखूड गळा कांतून तो धडाच्या नळींत बसवितात. हा गळा नळीपेक्षां एक मिलिमीटरनें लहान असावा. उन्हाळ्यांत घट्ट, नेटका बसणारा गळा आषाढांत फुगून अडकतो, आणि घरचीं माणसें चक्की बिघडली म्हणून ती फळीवर ठेवून देतात.

काम करतांना सैल बाही, उपरणें किंवा धोतराचा सोगा यंत्राजवळ येऊं देऊं नये. काचकागदानें घांसतांना हत्याराचा टेकू बाजूस काढावा आणि नाकातोंडावर फडकें बांधावें. शिसवाची बारीक भुकटी श्वासास व कातडीस बाधते. बाहेरून लाख चढविण्याची रीत उत्तम. फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून पसरते. सावंतवाडी आणि चन्नपट्टण येथील लांकडी खेळण्यांची झळाळी याच लाखेची आहे. आंतल्या नळीस मात्र तेल, रोगण कांहींही लावूं नये, कारण त्याचा वास मिऱ्यांस लागतो.

ज्यांस ही वस्तु स्वतः करावयाची नाहीं, केवळ विकत घ्यावयाची आहे, त्यांनींही एवढें करावें. डोकें सावकाश एक फेरा फिरवून डोकें व धड यांमधील फट पाहावी; ती सर्व फेऱ्यांत सारखी राहिली पाहिजे. मग डोकें काढून आंत पाहावें व नाक लावावें. दुकानदार झळाळी दाखवील. आपण पोकळी पाहावी.

शाळेंत समकेंद्र वर्तुळें मी पुष्कळ वर्षें फळ्यावर काढून दाखविलीं. खडूच्या वर्तुळांचा मध्य किंचित् चुकला तरी सिद्धान्त सिद्धच होतो, मुलें वहींत उतरवून घेतात आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. कांताऱ्यास ती सवलत नाहीं. त्याचें वर्तुळ चुकलें तर मिरें दळलें जात नाहीं, आणि ती चूक लाखेखालीं झांकली तरी गिऱ्हाइकाच्या ताटांत उघडी पडते. आपण सुशिक्षित माणसें हाताच्या कामास बुद्धि लागत नाहीं असें सहज बोलून जातों. भूमिति ज्याच्या हातांत इतकी पक्की बसली आहे, त्याच्या कामाचें मोल करतांना घासाघीस करण्यापूर्वीं आपण क्षणभर थांबावें, इतकेंच माझें म्हणणें आहे.