शाळेच्या खोलीचा हिशेब

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या गावकरी मंडळाची दरमहा बैठक भरते. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. २०१५ साली गावच्या शाळेला लोकवर्गणीतून एक खोली बांधून द्यायचे ठरले. कुणी ओव्हरटाइमचे पैसे दिले, घरकाम करणाऱ्या भगिनींनी भिशीतले दिले. ठेकेदाराने चौरस फुटाचा एक दर सांगितला, आम्ही गुणाकार केला आणि मोकळे झालो. भिंती उभ्या राहिल्या, पण स्लॅबच्या आधीच पैसे संपले. दोन पावसाळे त्या भिंतींनी उघड्यावर काढले. मी बी.कॉम. झालेला माणूस, कचेरीत रोज दुसऱ्यांची बिले तपासतो. पण आपल्याच कामाचे अंदाजपत्रक मागायचे मला सुचले नाही, याची लाज अजून वाटते.

बंधू-भगिनींनो, चौरस फुटाचा दर हा नुसता अदमास असतो. खऱ्या अंदाजपत्रकात पायाचे खोदकाम, जोते, चिऱ्याची भिंत, स्लॅब, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या अशा प्रत्येक कामाचे माप वेगळे काढतात आणि त्याला सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतला दर लावतात. ही दरसूची कुणालाही पाहता येते. मुंबई महापालिकेची स्वतंत्र आहे. वर वाहतूक, जी.एस.टी. आणि आकस्मिक खर्च. चिरा किती लांबच्या खाणीतून येणार, यावरच कोकणात बरेच पैसे फिरतात.

स्लॅबचेच बघा. २४ फूट बाय २० फूट, जाडी ५ इंच. म्हणजे २०० घनफूट, २ ब्रास, सुमारे ५.६६ घनमीटर. १ : १॥ : ३ प्रमाणाच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ पोती सिमेंट लागते. झाली ४५ पोती. तुळया आणि खांब वेगळे. जाडी व सळई इंजिनिअरनेच ठरवायची, त्यात आपण पडू नये. पण ठेकेदार नुसत्या स्लॅबला ७० पोती सांगू लागला, तर वरची २५ कशाला, एवढे विचारता आले पाहिजे. माझ्या आठवीतल्या मुलीने हे गणित पाच मिनिटांत सोडवले.

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या बांधकामात जातीने लक्ष घातले होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्या इमारतीची पायाभरणी झाली. आम्ही मात्र वर्गणीच्या पावत्या फाडण्यापलीकडे गेलो नव्हतो.

आमची दुसरी चूक म्हणजे खोलीलाच शाळा समजलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान आणि कुंपण सांगितले आहे. शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकावरून तिची नोंद संगणकावर पाहता येते. आमच्या शाळेत मुलींचे स्वच्छतागृह कागदावर होते; प्रत्यक्षात दाराला कडी नव्हती, पाणी नव्हते. मोठ्या मुली दिवसभर पाणी न पिता बसत.

सरकारी किंवा पालिकेच्या शाळेचे काम असेल, तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करावा. अंदाजपत्रक, निविदा आणि मोजमाप पुस्तकाची प्रत मागावी. २००५ च्या या कायद्याने चालू कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

पुढे इंजिनिअरकडून कामवार अंदाजपत्रक करून घेतले, पुन्हा वर्गणी काढली आणि २०१८ च्या मे महिन्यात स्लॅब पडला. या वेळी स्वच्छतागृह, पाण्याची टाकी आणि दाराची कडीसुद्धा यादीत होती.