टोंगाची समुद्राखालची तार

दक्षिण प्रशांत महासागरातल्या टोंगाची लोकसंख्या जेमतेम लाखभर. २०१३पर्यंत या देशाचं इंटरनेट उपग्रहावर अवलंबून होतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश जाऊन उत्तर यायलाच जवळपास अर्धा सेकंद लागतो. शिवाय क्षमता मर्यादित आणि दर चढे.

मग फिजीतल्या सुवापर्यंत ८२७ किलोमीटर लांबीची समुद्राखालची केबल पडली. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेने त्यासाठी मदत दिली. केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाशाच्या स्पंदांनी माहिती धावू लागली. २०१८मध्ये हापाई आणि वावाउ ही बेटंही देशांतर्गत केबलने जोडली गेली.

पण आधार एकाच तारेचा होता.

१५ जानेवारी २०२२ रोजी हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि समुद्रतळावरून वेगाने वाहत गेलेल्या राख-दगडांच्या लोंढ्यांनी दोन्ही केबल तोडल्या. परदेशातल्या टोंगनांना घरच्यांची खुशाली कळेना. 'रिलायन्स' या दुरुस्ती-जहाजाने तुटलेली टोकं वर उचलून नवे तुकडे जोडले, तेव्हा सुमारे पाच आठवड्यांनी मुख्य बेटाचा संपर्क पूर्ववत झाला. बाहेरच्या बेटांना मात्र देशांतर्गत केबलसाठी २०२३ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. तोवर त्यांची भिस्त पुन्हा उपग्रहावरच होती.