घोड्याच्या पायाची न भरणारी जखम

काटेरी तारेनें घोड्याचा पाय फाटला, कीं रक्त थांबल्यावर मालक निश्चिंत होतो. पुढें कांहीं आठवड्यांनीं जखमेच्या तोंडाशीं तांबडें, खडबडीत मांस कातडीच्या वर फुगून येतें, आणि मग मोरचुदाच्या पुडीसाठीं धांवाधांव होते. मोरचूद तें मांस जाळतो हें खरें. परंतु कडेनें सरकत येणारी कोंवळी कातडीही जाळतो. चुन्याची व तेजाबाचीही तीच गत. हा उपाय आमच्या मतें टाकून द्यावा.

हें मांस पायासच कां फुगतें? पुढील पायांत गुडघ्याखालीं व मागील पायांत मधल्या सांध्याखालीं मांसल भाग जवळ जवळ नाहींच. कातडी ताणलेली असल्यामुळें जखमेचे कांठ जवळ ओढले जात नाहींत. शिवाय हालचाल सतत, आणि खालून माती व लीद. धडावरील मोठी जखमही आक्रसून मिटते. पायाची मात्र कडेच्या नव्या कातडीनेंच झांकावी लागते. ती फार मंद वाढते, व फुगलेलें मांस आड आलें कीं थांबते. तट्टांच्या जखमा मोठ्या घोड्यांच्या मानानें लौकर भरतात, एवढें तट्टू बाळगणारांस समाधान.

जखम झाल्याबरोबर १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यांत ९ ग्रॅम मीठ घालून त्यानें ती धुवावी, स्वच्छ कापड बांधावें व पशुवैद्यास बोलवावें. घोड्यास धनुर्वात फार लौकर होतो; लस पूर्वीं टोंचलेली नसल्यास हें त्यास प्रथम सांगावें. सांध्याजवळच्या जखमेंतून पिंवळट, चिकट पाणी येत असेल तर तो दिवस जाऊं देऊं नये. सांधा कायमचा निकामी होण्याची भीति असते.

फुगलेल्या मांसांत ज्ञानतंतु नसतात, म्हणून तें कापतांना जनावरास दुःख होत नाहीं. मात्र रक्त पुष्कळ जातें. तेव्हां वस्तरा घेऊन स्वतः बसूं नये, तें काम पशुवैद्याचें. पुढें कापसाची जाड पट्टी बांधून घोडें लहान जागेंत उभें ठेवावें. पट्टीखालींही मांस पुन्हां वाढतें, सबब ती बदलतांना दर खेपेस कांठ पाहावे.

इतकें करूनही जखम वाहतच राहिली, तर आंत हाडाचा मेलेला तुकडा आहे कीं काय हें तपासून घ्यावें. उन्हापावसाच्या दिवसांत चिघळून खाजणारी व पिंवळे दाणे पडणारी जखम बहुधा 'बरसाती' असते. तींत माश्यांनीं आणून सोडलेल्या जंतांच्या अळ्या असतात. तिला जंताचें औषध लागतें, नुसता मलम पुरत नाहीं. तबेल्यांतील लीद रोज लांब नेऊन टाकावी.