गाडी काय म्हणते ते लिहून घ्या : नव्या गाडीतले आवाज आणि परत परत येणारे बिघाड



गोविंदपुरम् हे तंजावर जिल्ह्यातलं छोटं गाव. कुंभकोणम्‌हून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागतं. इथल्या विठ्ठल मंदिरामुळे महाराष्ट्रातल्या गाड्या वर्षभर येत असतात. पुण्याहून निघालात तर कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू, सेलम, तिरुची, तंजावर असा बाराशे किलोमीटरच्या वरचा प्रवास होतो. एरवी ऑफिस आणि बाजार करणाऱ्या गाडीला ही मोठी परीक्षाच. तिच्या अंगात जे काही दुखणं असेल, ते इथे पोचेपर्यंत बोलायला लागतं.

निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने माझा मुक्काम इथे असतो. सैन्यात माझी नोकरी ईएमईमध्ये झाली, म्हणजे वाहनं, तोफा आणि यंत्रं चालू ठेवणाऱ्या कोअरमध्ये. हे कळलं की वाहनतळावर प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, गाडी नवीन आहे, तरी आवाज येतो. वर्कशॉपवाले म्हणतात काही नाही. करायचं काय?"

आजच्या भागात त्याचं उत्तर. एका वाक्यात सांगायचं तर, आवाज आधी हुकमी आणायला शिका, मगच तो घालवता येतो.

नवी गाडी जास्त का कुरकुरते?

जोंगा किंवा शक्तिमान ट्रक ज्यांनी चालवला आहे, त्यांना ठाऊक आहे की त्यात डॅशबोर्डची टिकटिक ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिनाच्या गर्जनेत बाकी सगळं बुडून जायचं. आजच्या गाडीत इंजिन शांत, काचा घट्ट, आणि इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनच नाही. मोठा आवाज गेला, म्हणून बारीक आवाज कानावर यायला लागले.

दुसरं कारण प्लास्टिक. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी ४० अंशांनी तापली तर साधारण अर्धा मिलीमीटर वाढते. तेवढंच प्लास्टिक तिच्या कित्येक पट वाढतं. कावेरीच्या मुलखात मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी करा. आतलं प्लास्टिक फुगतं, पण ज्या लोखंडावर ते बसवलंय ते तितकं फुगत नाही. मग क्लिपा आणि सांधे एकमेकांवर घासतात. म्हणून काही आवाज दुपारीच येतात आणि सकाळी वर्कशॉपमध्ये गाडी अगदी गुणी मुलासारखी वागते. मेकॅनिक "काही नाही" म्हणतो तेव्हा तो दर वेळी टाळत नसतो. त्या क्षणी खरंच काही नसतं.

आवाजाला नाव द्या

इथे आपली मराठी फार कामाची आहे. "आवाज येतो" एवढंच सांगू नका. कसला येतो ते सांगा.

• खडखड : काहीतरी सैल आहे. जॅक, स्टेपनी, नंबरप्लेट, इंजिनाखालचा पत्रा.
• कुरकुर, किरकिर : दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताहेत. दाराचं रबर, सीटचा रूळ, डॅशबोर्डचे सांधे, सस्पेन्शनचे रबरी बुश.
• फडफड : वाऱ्यानं काहीतरी हलतंय. चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर किंवा मडफ्लॅप.
• शिट्टी : कुठून तरी हवा घुसतेय. बहुधा दाराचं किंवा काचेचं सील.
• टकटक, तीही स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना : पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा.
• घरघर, जी वेगाबरोबर वाढते : चाकाचं बेअरिंग किंवा असमान झिजलेला टायर.

पहिले चार बहुतेक वेळा डोक्याला ताप देतात, जिवाला नाही. शेवटचे दोन पुढे ढकलू नका.

इथल्या मेकॅनिकला मराठी येत नाही, आपल्याला तमिळ येत नाही. पण आवाजाला तो 'सत्तम्' म्हणतो आणि खडखडीला 'कडकड', एवढं पुरतं. त्याहून उत्तम उपाय म्हणजे त्याला शेजारी बसवून तो आवाज ऐकवणं. त्यासाठी तुम्हाला तो हुकमी आणता आला पाहिजे.

आधी गाडी रिकामी करा

कुंभकोणम्‌हून परतताना नाच्चियारकोविलची पितळी समई डिकीत असतेच, शिवाय डबरा-टंबलरचे चार जोड. त्या खडखडीसाठी सस्पेन्शन उघडू नका! डिकी, हातमोज्यांचा कप्पा, दारांचे खण, चष्म्याचा खण, सीटखालची जागा सगळं रिकामं करा. जॅक आणि पान्यांचा संच बाहेर काढा. स्टेपनी घट्ट करा. रिकाम्या सीटचे पट्टे लावून टाका, कारण त्यांची बकलं बाजूच्या प्लास्टिकवर टकटक करतात. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं पुन्हा जा. बरेच आवाज इथेच संपतात.

पाच प्रश्न

आवाज उरलाच, तर सोबत एक माणूस घ्या आणि मोकळा रस्ता शोधा. चालवणाऱ्यानं चालवायचं. ऐकणं, लिहिणं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करणं दुसऱ्यानं करायचं.

१. आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकांबरोबर? उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये रेस वाढवून पाहा. मग चालत्या गाडीत वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्या. इंजिन जोरात फिरेल, चाकं तेवढीच फिरतील. आवाज बदलला तर इंजिनाकडे बघा, नाही बदलला तर चाकांकडे.

२. रस्ता बदलला की बदलतो का? डांबरावरून सिमेंटवर गेल्यावर घरघरीचा सूर बदलला तर टायरचा संशय जास्त. सगळीकडे तीच असेल तर बेअरिंगचा.

३. वळणावर काय होतं? उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर आधी डाव्या बाजूचं बेअरिंग पाहा. डावीकडे वळताना वाढली तर उजव्या बाजूचं.

४. ब्रेकला हलका पाय लावल्यावर थांबतो का? थांबला तर ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपर सैल असण्याची शक्यता आहे.

५. ऊन, थंडी, पाऊस, माणसांचं वजन यांच्याशी त्याचा काही संबंध आहे का?

मध्यंतरी एक कुटुंब इथे आलं होतं. गाडी दोन वर्षांची. चालवणाऱ्याला काही जाणवत नव्हतं, पण मागे डाव्या बाजूला बसलेल्या आजी बेळगावपासून सांगत होत्या, "जात्यासारखी घरघर येते." घरात कुणी मनावर घेतलं नाही. आम्ही आजींना त्याच जागी बसवून फेरी मारली. उजव्या वळणावर जातं जोरात फिरायला लागलं. मागचं डावं बेअरिंग गेलं होतं. कुंभकोणम्‌मध्ये ते बदलून घेतलं, मग मंडळी बाराशे किलोमीटरच्या परतीला लागली. साक्षीदार कुठे बसलाय याला महत्त्व आहे. आवाज लोखंडातून प्रवास करतो आणि भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा भासतो, म्हणून प्रत्येक सीटवर बसून ऐका.

डॅशबोर्डची किरकिर शोधायला रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी घ्या. एका सांध्यावर लावा आणि फेरी मारा. थांबली नाही तर ती काढून पुढच्या सांध्यावर लावा. दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीस चालतं, साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्यानं रबर खराब होतं. आणि एका वेळी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम केल्या आणि आवाज गेला, तर कशानं गेला ते कळत नाही. तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दिवा लागतो, विझतो, परत लागतो

आता दुसरा प्रकार, परत परत येणारा बिघाड. माझ्याच गाडीचं सांगतो. गाडी अडीच वर्षांची, वॉरंटी संपायला सहा महिने. ऑक्टोबरमध्ये इथला ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला आणि एबीएसचा पिवळा दिवा लागायला लागला. सकाळी लागायचा, दुपारपर्यंत जायचा. वर्कशॉपनं एकदा कोड पुसला. दुसऱ्यांदा पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला. दहा दिवसांत दिवा पुन्हा हजर.

एबीएस काय करतं? प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाक किती वेगानं फिरतंय ते सांगतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादं चाक जाम होऊन घसरायला लागलं, तर यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा लावते, म्हणजे स्टिअरिंग हातात राहतं. दिवा लागला की ही मदत बंद. साधे ब्रेक चालू असतात, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण माझा दिवा नेमका ओल्या रस्त्यावर लागत होता. शिवाय इथले शेतकरी कापणीनंतर भात रस्त्यावरच वाळत घालतात, त्यावर चाक कसं घसरतं ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. मदत लागणार तेव्हाच मदत रजेवर!

मी लॉगबुक ठेवलं. तारीख, वेळ, किलोमीटर, आदल्या रात्री पाऊस होता की नाही, पाण्यातून गाडी गेली का, दिवा किती वेळानं विझला. नऊ नोंदींपैकी नऊच्या नऊ वेळा आधी पाणी होतं. कोरड्या दिवशी एकदाही नाही. ते पान मी वर्कशॉपच्या प्रमुखापुढे ठेवलं आणि कोडचे शब्द पुन्हा वाचायला सांगितले. कोड म्हणत होता, डाव्या पुढच्या सेन्सरच्या 'सर्किट'मध्ये दोष. सर्किट म्हणजे एकटा सेन्सर नव्हे. त्यात वायर, जोडणी आणि पलीकडचा कंट्रोल युनिट हे सगळं येतं. त्यांनी वायरवर पाणी मारलं आणि ती हलवून पाहिली. दिवा लागला. चाकाच्या अस्तरामागे वायरचं आवरण कुरतडलेलं निघालं. भातशेतीच्या मुलखात उंदीर काही कमी नाहीत. वायर बदलली, जाळीचं संरक्षण घातलं. त्यानंतरचा सगळा पावसाळा दिवा लागला नाही.

बोध असा की कोड पुसणं ही दुरुस्ती नव्हे. कोड संशयिताचा मोहल्ला सांगतो, घर नंबर आपल्याला शोधावा लागतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचा छोटा रीडर बाजारात मिळतो. पण स्वस्त रीडर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात, एबीएसचे नाही, हे घेताना लक्षात ठेवा. आणि पुसण्याआधी कोडचा फोटो काढा.

'किरकोळ' कुणी ठरवायचं?

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले कोबाल्टसारख्या गाड्यांत किल्लीचा स्विच सैल होता. धक्का लागला किंवा जुडग्याचा भार पडला की किल्ली सरकायची आणि चालती गाडी बंद पडायची. कंपनीत हा प्रश्न बराच काळ ग्राहकाची गैरसोय म्हणून धरला गेला. पण गाडी अशी बंद पडली की एअरबॅगही उघडत नसत. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि कंपनीच्या नुकसानभरपाई निधीनं १२४ मृत्यू मान्य केले.

आपल्याकडे जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीनं वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधनपंपाच्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. कंपनीनं स्वतःहून गाड्या बोलावल्या तर ती चांगलीच गोष्ट आहे. आपली गाडी त्यात आहे का ते चासी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली रिकॉलची तरतूद आली आणि त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांत सुरक्षेचा एकच दोष ठरावीक प्रमाणाबाहेर तक्रारींत आला, तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. म्हणजे तक्रारी मोजल्या जातात. तोंडी तक्रार मोजली जात नाही.

जॉबकार्डवर काय लिहायचं

"आवाज येतो, चेक करा" असं लिहू देऊ नका. असं लिहायला लावा : "४० ते ५० च्या वेगात, खडबडीत रस्त्यावर, गाडी अर्धा तास चालल्यावर, पुढून डावीकडून ठक् असा आवाज. ब्रेक लावल्यावर थांबतो. तिसऱ्यांदा तक्रार." गाडी ताब्यात देण्याआधी मेकॅनिकसोबत फेरी मारून आवाज ऐकवा. काय तपासलं आणि काय बदललं ते लेखी घ्या. प्रत्येक जॉबकार्डाची प्रत जपून ठेवा. वॉरंटी संपल्यावर तोच दोष परत आला, तर तो वॉरंटीत असतानाचाच आहे हे सांगणारा तोच एक कागद तुमच्या हातात असतो.

सैन्यात ड्रायव्हरला तीन परेड करायला लावतात. गाडी काढण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांब्यावर हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. गाडीभोवती फिरायचं, चाकांच्या नटांवर आणि टायरवर नजर टाकायची, खाली तेल गळतंय का पाहायचं, आणि जे दिसलं-ऐकलं ते लिहायचं. पाच मिनिटांचं काम. इतक्या लांबच्या प्रवासाला निघताना तुम्हीही ते करा. आणि मागच्या सीटवरून आजी काही सांगत असतील, तर रेडिओ बंद करून आधी ऐका.

तुमच्या गाडीतला आवाज आणि या पाच प्रश्नांची उत्तरं मला लिहून पाठवा. त्यातले निवडक घेऊन पुढचा भाग करू.

जय हिंद.