20 अंशांवर लावलेली धार 20 अंशांची का नसते?

आजचा भाग चाकूच्या धारेवर आहे. ऐकताना मधले आकडे पटकन निघून जातात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडलेत.

सुरुवात आमच्याच स्वयंपाकघरातून करतो. गेल्या वर्षापासून आईचं उजवं मनगट दुखतं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, जोर लागेल अशी कामं कमी करा. आता भाजी चिरणं हे जोराचं काम आहे, हे मला माहीतच नव्हतं. एका रविवारी तिच्या चाकूने टोमॅटो चिरायला घेतला. पातं सालीत घुसेचना. दाबलं तर टोमॅटो घसरला आणि चाकू बोटापासून एवढ्याशा अंतरावर येऊन थांबला. आई हे रोज दोन वेळा करते, आणि वरून पोळ्या.

इंजिनिअर माणूस काय करणार? ऑनलाइन शोधलं. हाताने दगडावर धार लावायची तर हात स्थिर हवा, म्हणे सवय लागायला महिने जातात. त्यावर उपाय म्हणून धारेचा सेट मिळतो. एका क्लॅम्पमध्ये चाकू पकडायचा. दुसरीकडे उभ्या खांबावर एक सांधा, त्यातून जाणारी दांडी, दांडीला अडकवलेला दगड. दांडी पुढेमागे सरकवली की दगड दर वेळी त्याच कोनात पात्यावर घासतो. ऑरेगॉनच्या बेन डेल यांचा एज प्रो हा खांब आणि दांडीचा नावाजलेला सेट, फक्त त्यात चाकू क्लॅम्पमध्ये नाही, हाताने धरतात. लॅन्स्कीच्या सेटमध्ये खांबाऐवजी क्लॅम्पलाच 17, 20, 25 आणि 30 अंशांची भोकं असतात. मी घेतला तो 1,800 रुपयांचा, खांबावर अंशांचे आकडे कोरलेला.

मे महिना, नागपूर, गॅलरीत बसलोय. दगडावर पाणी टाकलं की दोन मिनिटांत सुकतंय. आतून आई, "काय करून राहिला रे दोन घंट्यापासून? भाजी केव्हा टाकू मी?" दोन तासांनी चाकू आरशासारखा चमकत होता. टोमॅटोवर ठेवला, तर आधीपेक्षा वाईट! आईने काही न बोलता विळी काढली आणि खाली बसली. ते जास्त लागलं, कारण विळीवर बसलं की तिचे गुडघे दुखतात.

आता चुकलं काय ते बघू.

सगळ्यात मोठा गैरसमज त्या कोरलेल्या आकड्यात आहे. कोन काही खांबावर राहत नाही. तो दोन अंतरांतून तयार होतो: सांधा पात्याच्या पातळीपासून किती उंच आहे आणि धारेपासून किती लांब आहे. समजा उंची 40 मिलीमीटर आणि लांबी 110 मिलीमीटर. दहावीची त्रिकोणमिती काढा, कोन येतो 20 अंश. आता छोट्या चाकूच्या जागी भाजीचा रुंद चाकू लावा. त्याची धार क्लॅम्पच्या 30 मिलीमीटर आणखी बाहेर येते, म्हणजे लांबी झाली 140. सांध्याला हातही लावला नाही, तरी कोन झाला 16. खांबावर मात्र 20 च दिसतंय. बनवणाऱ्याने कुठला तरी एक चाकू धरून ते आकडे कोरलेले असतात, आणि तो चाकू तुमच्या घरात नसतो.

दगडाची जाडीही यात येते. माझ्या सेटमधला खरखरीत दगड बारीक दगडापेक्षा जवळपास 2 मिलीमीटर पातळ होता. वरच्या उदाहरणात एवढ्याने साधारण एक अंशाचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खरखरीत दगडाने पाडलेला उतार एका कोनात आणि बारीक दगड घासतोय दुसऱ्या कोनात, तर बारीक दगड धारेच्या टोकापर्यंत पोचतच नाही. तो वरच्या कडेला पॉलिश करत बसतो. माझा चाकू आरशासारखा का चमकत होता, ते कळलं ना?

यावर दोन उपाय आहेत. पहिला तुमच्या खिशातच आहे. बऱ्याच फोनमध्ये लेव्हलचं ॲप असतं. आधी फोन पात्याच्या सपाट बाजूवर हलकेच टेकवून शून्य करा, मग दगड धारेवर ठेवून फोन दगडावर टेकवा. जो आकडा दिसेल तो तुमचा कोन, खांब काहीही म्हणो. दगड बदलला की पुन्हा मोजा. दुसरा उपाय 20 रुपयांचा काळा मार्कर. धारेचा उतार दोन्ही बाजूंनी काळा करा, दगड दोनदा फिरवा आणि बघा. काळं फक्त वरून गेलं, तर कोन कमी पडतोय. फक्त टोकावरून गेलं, तर कोन जास्त झालाय. पूर्ण गेलं, तर बरोबर. आमच्या धंद्यात ज्याला लॉग बघणं म्हणतात, तेच हे. मी पहिल्या दिवशी लॉग न बघता दोन तास कोड चालवत होतो.

आता चाकूच्या टोकाकडे येऊ. अनेकांची तक्रार असते की मधला भाग छान कापतो, पण टोक बोथटच राहतं आणि टोकाकडे तो चकचकीत उतार पसरट होत जातो. काही जण म्हणतात, हात लांब गेला की कोन बदलतो. अर्धंच खरं आहे. धार सरळ असेल तिथपर्यंत कोन बदलत नाही, कारण एक सरळ रेषा आणि तिच्या बाहेरचा एक बिंदू यांतून एकच पातळी जाते. भूमितीच तशी आहे. गडबड होते ती धार वळते तिथे. वळणावर धारेची दिशा बदलते आणि सांध्यापासून त्या नव्या दिशेच्या रेषेचं अंतर वेगळं होतं. मी कागदावर मांडून बघितलं. क्लॅम्प वळणापासून 10 सेंटीमीटर मागे होता, तेव्हा मधला कोन 20 आणि वळणावर साधारण 17 येत होता. क्लॅम्प 5 सेंटीमीटर पुढे सरकवला की वळणावरही जवळपास 20. अगदी टोकापाशी नेला तर उलटं होतं, टोकाचा कोन जास्त येतो. म्हणजे क्लॅम्पची योग्य जागा प्रत्येक चाकूला एकदा मार्करने शोधायची आणि पात्याच्या पाठीवर खूण करून ठेवायची. एवढं केलं की पुढच्या वेळी दहा मिनिटांचं काम.

क्लॅम्पचं दुखणं वेगळंच. भाजीचा चाकू पाठीपासून धारेकडे निमुळता असतो, त्यामुळे सपाट जबड्यात तो एका बाजूला कलतो. मग एका बाजूला 17 आणि दुसऱ्या बाजूला 22 असं काहीतरी होतं. पातळ पातं तर दगडाच्या दाबाने चक्क वाकतं. जबड्यात कागदाची घडी घालून पातं सरळ बसवा आणि दाब कमी ठेवा. स्वस्त सेटमध्ये सांधाही ढिला असतो, दांडी हलवली की खडखड करते. त्यालाही हलका हात हाच इलाज.

आणि शेवटी बर. वर्कशॉप केलेल्यांना हा शब्द माहीत असेल. एका बाजूने घासत गेलं की स्टीलची केसासारखी बारीक झालर दुसऱ्या बाजूला वळते. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने आणि तसाच बाहेर हलकेच सरकवा, म्हणजे ती खरखर लागते. धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवू नका! पूर्ण लांबीवर बर लागली, तर दगड धारेपर्यंत पोचला, आता बाजू बदला. लागली नाही, तर कितीही बारीक दगड घ्या, उपयोग नाही. मला मार्करचं कळल्यावरही एकदा फसायला झालं ते इथेच. बर काढलीच नव्हती. तिने कागद मस्त कापला, मी व्हिडिओ पण काढला, आणि दोन कांद्यांनंतर ती दुमडली. बर काढायला शेवटी अगदी हलके, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने असे फटके मारायचे आणि मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पातं उलट्या दिशेने ओढायचं. न्हावी वस्तरा ओढायचे तसंच.

कोन किती ठेवायचा, हे कामावर आहे. घरच्या चाकूला एका बाजूला 17 ते 20 पुरतो. जूनमध्ये बाजारात लोणच्याची कैरी कोयीसकट फोडून देतात ना, त्या मोठ्या अडकित्त्याला इतकी बारीक धार दिली तर पहिल्या कोयीलाच तुकडे पडतील. आपल्याकडचे साधे स्टीलचे चाकू फार कडक नसतात. त्यांची धार 12 अंशांवर नेली तर आठवडाभरात वळते. व्हिडिओमधले 12 अंशांवर जातात, कारण त्यांच्या हातात कडक स्टीलचे जपानी चाकू असतात.

मग गल्लीत सायकलवर येतो तो धारवाला काय वाईट, असं आई विचारतेच. पूर्वी हत्यारांना पाणी आणि धार देणारे शिकलगार होते. शब्द मुळात अरबी 'सैकल'वरून आला, म्हणजे घासून चकाकी देणं. सायकलच्या पॅडलवर फिरणाऱ्या चाकाला कुठलाच आकडा कोरलेला नसतो. पण तो माणूस ठिणग्या बघतो, आवाज ऐकतो, दर दोन फटक्यांनी अंगठा लावून बघतो. मी खांबावरच्या आकड्यावर विसंबून जे बघणं सोडलं, ते तो सतत करतो. तक्रार एवढीच की कोरडं चाक जोरात फिरलं की पातळ धार तापते. तिथे निळा डाग दिसला, तर स्टील साधारण 300 अंश सेल्सियसपर्यंत गेलं असं समजा. तिथली धार नंतर टिकत नाही. शिवाय चाक धातूही भरपूर खातं. वर्षातून दोनदा ठीक, दर महिन्याला नको.

विळीला मात्र माझा सेट चालत नाही. वाकडं पातं, टोकाला खवणी, खाली पाट, क्लॅम्प लावणार कुठे? ती धारवाल्याकडेच जाते, आणि तो आला नाही तर आई मागच्या पायरीच्या दगडावर पाजवते, तिची आई करायची तसंच. चाकू आता माझ्याकडे आहेत. तीन आठवड्यांतून एकदा, शनिवारी रात्री, मार्कर आणि फोन घेऊन. परवा आईने पट्टा न लावता पालकाची जुडी चिरली. मी काही बोललो नाही. शेजारच्या काकूंचे चार चाकू ओट्यावर ठेवलेले होते आणि आई म्हणाली, "त्यांना सांगितलं मी, माझा पोरगा करून देते."